आपत्तीची तालीम आणि वगळलेली माणसे

वसई रोड स्थानकापासून पूर्वेकडे, मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या दिशेने गेले की गोखिवरे, सातिवली, वालीव असा जो पट्टा लागतो, त्याला आज गाव म्हणणे कठीण आणि शहर म्हणणेही अवघड आहे. एके काळच्या भातखाचरांच्या जागी तेथे औद्योगिक गाळ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. एका गाळ्यात पॉवर प्रेस, शेजारी प्लॅस्टिक मोल्डिंगचे यंत्र, त्यापलीकडे रंगाची नाहीतर रसायनाची पिंपे, डोक्यावर पत्रा आणि जवळच्या चाळींतून कामगारांची बिऱ्हाडे, असा हा एकमेकांना खेटून उभा असलेला संसार आहे. येथे आग लागली तर ती एका गाळ्यापुरती राहील अशी खात्री देता येत नाही. आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस कोसळू लागला म्हणजे पाणीही एका गल्लीपुरते थांबत नाही. अशा वस्तीवर संकट आले तर मदतीला सर्वांत आधी कोण पोहोचेल, हा प्रश्न म्हणूनच पुस्तकी नाही.

त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. सर्वांत आधी पोहोचतो तो शेजारी. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेच्या विजयनगर भागातील रमाबाई अपार्टमेंट ही इमारत कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. रस्ता अरुंद असल्यामुळे अवजड यंत्रे प्रारंभी आत नेता आली नाहीत आणि ढिगारा हातांनी उपसावा लागला. त्यापूर्वी २३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे विरारच्याच विजय वल्लभ रुग्णालयातील अतिदक्षता विभागास आग लागली आणि किमान १३ करोनाग्रस्त रुग्णांचा अंत झाला. अंथरुणावरून स्वतः उठून जिना उतरणे त्यांना शक्य नव्हते. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारची रेल्वे वाहतूक बंद पडली, वीज गेली आणि वस्त्या दिवसच्या दिवस पाण्यात राहिल्या. यंत्रणा धावून येत नाही, असा याचा अर्थ नव्हे. परंतु अग्निशमन दलाचा बंब गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंतचा जो पहिला तास असतो, तो शासनाचा नसतो; तो त्या गल्लीचाच असतो.

या पहिल्या तासासाठी सामान्य नागरिकाला तयार करावे, हा विचार जगात नवा नाही. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीला भूकंपाचा जबर धक्का बसला, तेव्हा तेथील नागरिकांनी शेकडो जणांना ढिगाऱ्यांतून बाहेर काढले. पण कसलेही शिक्षण नसल्याने त्यांतील कित्येकांनी स्वतःचे प्राण गमावले. या अनुभवापासून बोध घेऊन लॉस एंजलिसच्या अग्निशमन दलाने नागरिकांच्या आपत्कालीन तुकड्यांना शिकविण्याचा उपक्रम सुरू केला आणि पुढे तो साऱ्या अमेरिकेत पसरला. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ ही योजना प्रथम ३० पूरप्रवण जिल्ह्यांत हाती घेतली आणि नंतर ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडविण्याचे उद्दिष्ट ठेवून तिचा विस्तार केला. त्यामागोमाग एनसीसी, एनएसएस, स्काउट-गाइड अशा संघटनांतील तरुणांसाठी ‘युवा आपदा मित्र’ ही योजना आली. हेतू उत्तम, दिशाही योग्य. मात्र या प्रशिक्षणवर्गाच्या दाराशी कोणाला अडविले जाते, हे तपासून पाहिले म्हणजे या चांगल्या कामातील एक मोठी उणीव ध्यानात येते.

तंदुरुस्तीची अट

‘आपदा मित्र’ होण्यासाठी वय १८ ते ४० असावे आणि उमेदवार शारीरिक व मानसिकदृष्ट्या तंदुरुस्त असावा, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. वरवर पाहता ही अट इतकी स्वाभाविक वाटते की तिच्याबद्दल शंका घेण्याचेही कोणाच्या मनात येऊ नये. पुराच्या पाण्यात उडी घ्यायची, दोराने चढायचे, जखमीला खांद्यावर टाकून पळायचे, या कामाला धट्टेकट्टे शरीर हवेच. पण आपत्कालीन काम म्हणजे एवढेच का? इशारा घरोघर पोहोचविणे, कोण आत अडकले आहे याची नोंद ठेवणे, नियंत्रण कक्षाशी संपर्क राखणे, गोंधळलेल्या जमावाला शांतपणे एका दिशेने नेणे, प्रथमोपचाराच्या साहित्याचा हिशेब ठेवणे, निवारा केंद्रात आलेल्यांची नावे लिहून घेणे आणि ताटातूट झालेल्या मुलाला त्याच्या आईजवळ पोहोचविणे, ही सारी कामे त्या पहिल्या तासातलीच आहेत. यांपैकी बहुतेक कामांना पोहता येण्याची गरज नाही. एक पाय नसलेला लेखनिक नोंदवही उत्तम ठेवू शकतो. दृष्टिहीन मनुष्य दूरध्वनीवर अचूक निरोप घेऊ-देऊ शकतो. कर्णबधिर तरुण तर पुराच्या पाण्यात दोर धरून उभाही राहू शकतो. वैद्यकीय प्रमाणपत्राची सरसकट अट मात्र कामाची चौकशी न करता माणसालाच बाद करते.

या अटीच्या मागे एक जुनी समजूत दडलेली आहे. आपत्तीच्या प्रसंगी माणसांचे दोन वर्ग असतात: एक वाचविणाऱ्यांचा आणि दुसरा वाचविल्या जाणाऱ्यांचा, आणि अपंग मनुष्य हा जन्मतःच दुसऱ्या वर्गातला. शासनाने ‘अपंग’ हा शब्द टाकून ‘दिव्यांग’ हा शब्द घेतला, ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही स्थापन केला. शब्द बदलला, कार्यालयाची पाटी बदलली. ही समजूत मात्र जागची हललेली नाही. दिव्यत्व बहाल करावयाचे आणि प्रशिक्षणवर्गात मात्र जागा द्यावयाची नाही, हा प्रकार आदराच्या आवरणाखालील उपेक्षेचाच म्हणावा लागेल.

कायदा काय म्हणतो?

वस्तुतः या बाबतीत कायदा समाजाच्या बराच पुढे गेलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या आठव्या कलमाने नैसर्गिक आपत्ती व तत्सम संकटांत अपंग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने संरक्षण व सुरक्षितता मिळण्याचा अधिकार दिला आहे. परंतु ते कलम तेवढ्यावर थांबत नाही. राष्ट्रीय आणि राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांनी आपल्या कार्यात अपंग व्यक्तींचा समावेश होईल याची तजवीज करावी, असे ते बजावते. समावेश हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. संरक्षण हे दुसऱ्याने द्यावयाचे असते; समावेशात मनुष्य स्वतः कर्ता असतो. याच कलमाने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर आणखी एक जबाबदारी टाकली आहे: जिल्ह्यातील अपंग व्यक्तींचा तपशील नोंदवून ठेवणे आणि संभाव्य धोक्याची माहिती त्यांना मिळेल अशी व्यवस्था करणे. राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१९ मध्ये अपंगांना सामावून घेणाऱ्या आपत्ती व्यवस्थापनाविषयी मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. तेव्हा नियम नाहीत, ही सबब उरलेली नाही.

हा प्रश्न मूठभरांचा आहे, असेही समजण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. राज्यापुरते हे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे २.६ टक्के होते. त्याच जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. राज्याची सरासरी या शहराला लावली तरी तेव्हाच्या हिशेबाने ही संख्या ३२ हजारांच्या आसपास जाते. त्यानंतर शहर वाढले. शिवाय १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते ते २०१६ च्या कायद्याने एकवीस केले. यात वृद्धापकाळाने गुडघे धरलेले, मोडलेल्या हाडावर प्लॅस्टर घालून पडलेले आणि गरोदर स्त्रिया यांची गणना नाही. मात्र संकटसमयी जिन्याची पायरी त्यांनाही तितकीच अवघड असते. वालीवसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पॉवर प्रेस हे यंत्र असे आहे की क्षणभराच्या दुर्लक्षाची किंमत ते बोटांनी वसूल करते. सकाळी धट्टाकट्टा म्हणून कामावर गेलेला मनुष्य संध्याकाळी अपंग होऊन परतू शकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने हेच मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले होते: आपत्ती अपंगांना गाठते, तशी ती अपंगत्व निर्माणही करते. तात्पर्य, ही ‘त्यांची’ समस्या नव्हे. वाचविणारा आणि वाचविला जाणारा यांच्यामधील रेघ कोणत्याही क्षणी पुसली जाऊ शकते.

शरीर नव्हे, व्यवस्था

आपत्तीत अपंग माणसे अधिक संख्येने दगावतात, याचा दोष सहसा त्यांच्या शरीराला दिला जातो. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी यांनी हाहाकार माजविला. पुढे झालेल्या पाहण्यांत असे आढळले की आपत्तिग्रस्त भागांतील अपंगांचे मृत्युप्रमाण एकूण लोकसंख्येतील मृत्युप्रमाणाच्या सुमारे दुप्पट होते. आपत्तीच्या तयारीत ज्या देशाचा हात जगात कोणी धरू शकत नाही, तेथे हे घडले. पण त्याच जपानमधील होक्काइदो बेटावरील उराकावा या किनाऱ्यालगतच्या गावातले उदाहरण अगदी निराळे आहे. तेथे ‘बेथेल हाउस’ या संस्थेच्या आश्रयाने तीव्र मनोविकार असलेली माणसे एकत्र राहतात. त्सुनामी आली तर कोठे व कसे जायचे, याची चित्रे आणि ध्वनी यांचा मेळ घालून त्यांना समजेल अशी पाठमाला तयार करण्यात आली आणि तिच्या आधारे त्यांनी वारंवार तालमी केल्या. २०११ मध्ये खरोखरच लाटेचा इशारा आला तेव्हा ती मंडळी शिकल्याप्रमाणे उंच जागी सुखरूप पोहोचली. संकटात जे गोंधळून जातील असे कोणीही गृहीत धरले असते, त्यांनीच शिस्तीचा धडा घालून दिला. शरीर वा मन बदलले नव्हते. व्यवस्था बदलली होती.

याच्या उलट टोकाचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांसाठी चालविल्या जाणाऱ्या एका खाजगी निवाऱ्याला आग लागली आणि २८ जणांचा कोळसा झाला. ते पळू शकले नाहीत, कारण त्यांना साखळदंडांनी बांधून ठेवण्यात आले होते. त्या माणसांना मनोविकाराने मारले नाही. त्यांना साखळीने मारले. वालीवमध्ये अथवा विरारमध्ये आज कोणी कोणाला साखळीने बांधत नाही. पण चौथ्या मजल्यावरून खाली येण्याचा एकच अरुंद जिना, केवळ ऐकू येणाऱ्यांसाठी वाजणारा भोंगा, केवळ वाचता येणाऱ्यांसाठी लावलेला फलक आणि धावू शकणाऱ्यांसाठीच आखलेली तालीम, या न दिसणाऱ्या साखळ्याच होत.

तालमीचे हे एकांगीपण नुकतेच सर्वांच्या डोळ्यांसमोरून गेले आहे. ७ मे २०२५ रोजी केंद्र सरकारच्या आदेशावरून देशभर नागरी संरक्षणाच्या तालमी योजण्यात आल्या. महाराष्ट्रातील ठिकाणांत पालघर जिल्ह्यातील, अणुवीज केंद्रामुळे संवेदनशील ठरलेल्या तारापूरचाही समावेश होता. भोंगे आणि दिवे मालवून अंधार करणे ही या तालमींची मुख्य अंगे होती. भोंगा हा कर्णबधिरासाठी वाजतच नाही, हे उघड आहे. पण अंधार त्याच्याकडून आणखी काही हिरावून घेतो, याचा विचार क्वचितच होतो. ज्याची भाषा हातांच्या खुणांची आहे, त्याच्या दृष्टीने दिवा मालवणे म्हणजे तोंड बांधणे होय. उलट दृष्टिहीन मनुष्याचे त्याच अंधारात काहीच बिघडत नाही. एकाच तालमीतून दोन अपंग व्यक्तींच्या वाट्याला दोन वेगळे अनुभव येतात. असे बारकावे नकाशे आणि परिपत्रके तयार करणाऱ्यांना कार्यालयात बसून सुचणे कठीण असते. ते त्या त्या माणसाला विचारूनच कळतात. आणि विचारायचे तर तो मनुष्य प्रशिक्षणाच्या दालनात हजर असावा लागतो.

जे येते ते वापरावे

समावेशाचा विचार केवळ न्यायाच्या तराजूवर तोलला जातो, ही एक चूक आहे. त्यात वस्तीचा रोकडा फायदा आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रावर हल्ला झाला तेव्हा मायकेल हिंगसन हे जन्मांध गृहस्थ ७८ व्या मजल्यावरील आपल्या कार्यालयात होते. इमारतीतून बाहेर पडण्याचे मार्ग त्यांनी आधीच नीट अभ्यासून ठेवले होते. आपल्या मार्गदर्शक कुत्रीसह ते जिने उतरून बाहेर आले आणि सोबतच्या सहकाऱ्यांनाही त्यांनी धीर दिला. यात चमत्कार काहीच नाही. धुराने भरलेल्या जिन्यात डोळस मनुष्य एकाएकी आंधळा होतो. दृष्टिहीनाला मात्र भिंतीच्या, कठड्याच्या आणि पायऱ्यांच्या आधाराने चालण्याची सवय रोजचीच असते. धुरातून माणसे बाहेर कशी आणावी, हे शिकविण्यासाठी त्याच्यासारखा शिक्षक शोधून सापडणार नाही.

हीच गोष्ट खुणांच्या भाषेची. यंत्रांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाला हाक ऐकू जात नाही, याचा अनुभव वालीवच्या गाळ्यांत काम करणाऱ्या प्रत्येकास आहे. काचेपलीकडच्या, छपरावर अडकलेल्या किंवा पाण्याच्या पैलतीरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचे तर शब्द निरुपयोगी ठरतात आणि हात उपयोगी पडतात. ‘थांब’, ‘इकडे ये’, ‘आत किती जण?’, ‘वीज बंद कर’, ‘श्वास घेता येतो का?’ अशा वीस-पंचवीस खुणा प्रत्येक स्वयंसेवकाने शिकून घेतल्या तर त्या कर्णबधिरांच्या उपयोगी पडतीलच, पण बंबावरील जवानांच्याही कामी येतील. भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ पासून दिल्लीत आहे आणि त्याने दहा हजार शब्दांचा कोशही सिद्ध केला आहे. साधन उपलब्ध आहे. वस्तीतील एखाद्या कर्णबधिर तरुणाला शिकविण्याच्या जागी उभे करणे तेवढे उरले आहे.

आक्षेप आणि त्यांचे मोल

याविरुद्ध काही आक्षेप घेतले जातील आणि त्यांतले सगळेच पोकळ नाहीत. पहिला आक्षेप असा की अपंग स्वयंसेवकामुळे तुकडीची गती मंदावेल आणि आधीच संकटात असलेल्यांत आणखी एकाची भर पडेल. कामाची वाटणी न करता प्रत्येकाला ढिगाऱ्यावर चढविले तर हे खरे ठरेल. परंतु तसे केले तर ते धडधाकट माणसाच्या बाबतीतही खरे ठरेल. कोणत्याही तुकडीत सर्वांनी एकच काम करावयाचे नसते. शिवाय एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. ज्या अपंग व्यक्तीला प्रशिक्षण मिळालेले नाही, ती आपत्तीच्या वेळी त्या वस्तीतच असणार आहे. तिला वर्गाबाहेर ठेवल्याने ती धोक्याबाहेर जात नाही. केवळ अजाण राहते. तिने स्वतःला जिन्यावरून कसे उतरवून घ्यावे, कोणाला काय सांगावे, औषधे आणि कुबड्या कोठे ठेवाव्यात एवढे जरी शिकले, तरी तिच्या सुटकेसाठी लागणाऱ्या चार हातांतले दोन हात दुसऱ्या कोणासाठी मोकळे होतात.

दुसरा आक्षेप खर्चाचा. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के निधी अपंगांसाठी राखून ठेवावा, असे शासनाचे धोरण आहे. या निधीतील थोडासा अंश जिन्यावरून उतरविण्याच्या खास खुर्च्या, लुकलुकणारे इशारादिवे, सांकेतिक भाषेचा दुभाषा आणि प्रशिक्षणस्थळी जाण्यायेण्याची सोय यांवर खर्च झाला, तर तो निधी सत्कारणी लागला असेच म्हणावे लागेल. साहित्यवाटपाच्या समारंभात छायाचित्रे अधिक निघतात हे खरे. पण पुराच्या रात्री छायाचित्राचा उपयोग होत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अपंग व्यक्तींची यादी करावयाची म्हणजे कोणत्या खोलीत कोण एकटी दृष्टिहीन स्त्री राहते, कोणत्या घरात मनोविकाराचा रुग्ण आहे, हे कागदावर आणावयाचे. ही यादी भलत्याच्या हाती पडली तर? भीती रास्त आहे. म्हणून नाव नोंदविण्यास त्या व्यक्तीची संमती हवी, यादी जबाबदार अधिकाऱ्याच्या ताब्यात हवी, ती कोणाला दाखविली याची नोंद हवी आणि दर पावसाळ्यापूर्वी ती पडताळून पाहावयास हवी. मात्र ही भीती यादीच न करण्याची सबब होऊ शकत नाही. कायद्याने तर ती मागितलीच आहे. आणि यादीमागे केवळ दप्तर नसून रोजची ओळख असेल, म्हणजे तीत ज्यांची नावे आहेत तेच लोक प्रशिक्षित तुकडीचे सभासद असतील, तर विश्वासाचा प्रश्न बराचसा सुटतो.

वालीवमध्ये काय व्हावे?

वालीवसारख्या पट्ट्याला ही गोष्ट अधिक निकडीची आहे, याचे एक कारण येथील उद्योगांच्या आकारात आहे. विजेवर चालणाऱ्या पण वीसहून कमी कामगार असलेल्या गाळ्याला कारखान्याची कायदेशीर व्याख्या सर्वसाधारणपणे लागू होत नाही. अर्थात कारखान्यांकडून अपेक्षिलेली सुरक्षिततेची शिस्तही तेथे आपोआप येत नाही. मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी असतो, तेथे तालमी होतात. येथे दहा गाळ्यांची मिळून एक गल्ली आणि त्या गल्लीची मिळून एक तुकडी, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. महापालिकेच्या प्रभाग समितीने पुढाकार घेतला, गाळेधारकांच्या संघटना, गृहनिर्माण संस्था, शाळा-महाविद्यालये आणि अग्निशमन दल यांना एकत्र आणले, तर असे वर्ग सुरू करण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

त्या वर्गात चार पथ्ये पाळली जावीत. प्रवेश देताना ‘तुम्ही तंदुरुस्त आहात काय?’ असे न विचारता ‘तुम्ही कोणते काम कराल आणि त्यासाठी तुम्हाला काय लागेल?’ असे विचारावे. वर्ग तळमजल्यावर, स्वच्छतागृहाची सोय असलेल्या जागी घ्यावा. पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात समावेशावर भाषण ठेवणे हा विनोद ठरेल. शिकविणाऱ्यांत किमान एक अपंग व्यक्ती असावी, आणि जो धडा तिला स्वतःला लागू पडत नाही तो सुधारण्याचा तिला अधिकार असावा. आणि तालमीचे यश मोजण्याची रीत बदलावी. पहिला मनुष्य किती सेकंदांत बाहेर आला, याची टिपणी ठेवून टाळ्या वाजविण्यात अर्थ नाही. शेवटचा मनुष्य कोण होता, तो केव्हा बाहेर आला आणि तो का मागे राहिला, याची नोंद झाली तर त्या तालमीतून काही निष्पन्न होईल.

शाळांवर या बाबतीत विशेष जबाबदारी येते. भूकंपाची किंवा आगीची तालीम चालू असताना चाकांच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याला ‘तू वर्गातच थांब’ असे सांगितले गेले, तर त्या एका वाक्याने दोन धडे शिकविले जातात. त्या मुलाला कळते की खऱ्या आगीतही त्याला वर्गातच थांबायचे आहे. आणि उरलेल्या चाळीस मुलांना कळते की त्याला मागे ठेवून धावणे हीच रीत आहे. पालघर जिल्ह्याला तर हा विषय दूरचा नाही. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा शाळेतून बाहेर पळणे हा तेथील मुलांच्या दिनक्रमाचाच भाग बनून गेला होता. त्या पळण्यात सर्वांत मागे कोण राहतो, हे त्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. त्याच्याबरोबर राहणे मात्र शिकवावे लागते, आणि ते शिक्षकच शिकवू शकतो.

कोणताही समाज आपत्तीच्या वेळी एकाएकी उदार होत नाही. रोजच्या व्यवहारात ज्यांच्याकडे तो पाहतो, त्यांनाच तो संकटात शोधतो. ज्यांच्याकडे पाहत नाही, ते त्याला त्या रात्री आठवत नाहीत. अपंग व्यक्तीला प्रशिक्षणाच्या रांगेत उभे करण्याचे खरे महत्त्व येथेच आहे. तुकडीत तिचे नाव असेल, तिच्याकडे नोंदवही असेल, आठवड्यापूर्वीच्या तालमीत तिने कोणाच्या चुका दाखवून दिल्या असतील, तर प्रत्यक्ष संकटात ती विसरली जाणे शक्य नाही. पुढचा पावसाळा कायद्याचे कलम वाचून यायचा नाही आणि आगही वैद्यकीय प्रमाणपत्र तपासत नाही. तो पहिला तास वालीवच्या वाट्याला केव्हा येईल, हे सांगता येणार नाही. त्या तासात गल्लीतील किती हात कामाला लागतील आणि किती नुसतेच मदतीची वाट पाहत राहतील, हे मात्र ठरविता येईल. आणि ते आजच्या प्रशिक्षणवर्गाच्या दारातच ठरणार आहे.